मागच्या क्रॉसची जीप

मी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिक शिकवतो. एखादी गोष्ट चालते ती का चालते आणि बंद पडते ती का पडते, हे पोरांना खोलून दाखवणं हाच माझा धंदा. भूत-बित सांगायला कोणी बसलं की मी उठून जायचो... आजही जातो. पण स्वतःच्या बाबतीत घडलेलं खोटं कसं म्हणू?

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव साल असेल. शिरोळला माझ्या थोरल्या बहिणीचं, अक्काचं सासर. माझ्याकडे एक जुनी जीप होती. ओढ फक्त मागच्या चाकांना, पुढच्यांना नाही – हे लक्षात ठेवा. इंजिनाची ताकद मागं नेणारा जो लांब शाफ्ट असतो, त्याच्या दोन्ही टोकांचे क्रॉस, म्हणजे युनिव्हर्सल जॉइंट, पार झिजले होते. गिअर टाकला की खालून ‘खट्ट’. सुट्टीला अक्काकडे गेलो, तेव्हा तिच्या अंगणातच शाफ्ट उतरवला. परत बसवताना चुकू नये म्हणून पांढऱ्या रंगानं खुणा केल्या. पुढचा क्रॉस नवीन बसला. मागच्याचं मात्र माप चुकलं, काही केल्या बसेना. म्हटलं, कोल्हापूरला जाऊन बदलू. जुनाच ग्रीस भरून परत घातला. त्याच्या आतल्या सुयांसारख्या बारीक बेअरिंगांचा गंजून भुगा झालेला मला दिसला होता. तरी घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्काच्या पोटात असह्य दुखायला लागलं. डॉक्टरांनी हात लावून पाहिलं आणि म्हणाले, “अपेंडिक्स फुटलंय बहुतेक. इथं थांबू नका, कोल्हापूर गाठा.” कृष्णेचं पाणी चढलेलं, गावातल्या दोन्ही जीपगाड्या माणसं हलवायला गेलेल्या. माझीच होती.

अक्काला मागं आडवं केलं, दाजी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले. खालनं खडखड चालूच. मी चाळीसच्या वर नेत नव्हतो. हातकणंगल्याच्या अलीकडे दाण्णकन आवाज झाला – जीप उडाल्यासारखी झाली – आणि खडखड एकदम थांबली.

दगड लागला असेल असं वाटलं. पण गाडी इतकी गुळगुळीत चाललेली मी कधी बघितली नव्हती. अॅक्सिलरेटर दाबला तर इंजिन नुसतं मोकळं ओरडायचं, वेग होता तेवढाच. सोडला तरी तेवढाच. तरी थांबायची हिंमत झाली नाही.

तेवढ्यात अक्का ग्लानीत म्हणाली, “मागनं कोण ढकलतंय रं?”

आरशात दिसलं, दाजी मान वळवून मागच्या पडद्याच्या फटीतनं बघत होते. बराच वेळ. मग त्यांनी पडद्याची दोरी ओढून गच्च बांधली.

“काय हाय दाजी?”

“काय न्हाय. तू म्होरं बघून चालव.”

शिरोली नाक्याला ट्रक आडवा आला म्हणून ब्रेक दाबून उभा राहिलो. ट्रक गेला, पहिला गिअर टाकला, क्लच सोडला, जीप निघाली. हे मी शंभर वेळा आठवून पाहिलंय. ती उभी होती आणि निघाली.

राजारामपुरीत दवाखान्याच्या दारात थांबलो. अक्काला आत नेलं, लगेच ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले, अजून उशीर झाला असता तर अवघड होतं. जीप बाजूला लावायला बाहेर आलो तर ती जागची हलेना. इंजिन चालू, गिअरमध्ये, चाक फिरत नाही. चौघांनी ढकलून कडेला घेतली.

दुपारी जवळच्या गॅरेजमधले दस्तगीर मिस्त्री आले. खाली शिरले आणि तिथूनच विचारलं, “पावणं, कुठनं टोचन लावून वढत आणलीसा?”

“टोचन नाही. चालवत आणली.”

“चालवत कशी आणशीला? शाफ्टच न्हाय की खाली. म्होरला तुकडा तेवढा लोंबतोय.”

मी शर्टासकट खाली शिरलो. खरंच नव्हता. मागचा क्रॉस तुटून शाफ्टचा लांब भाग निसटून गेला होता.

दोन दिवसांनी अक्का जरा सावरली, तेव्हा मी शाफ्ट शोधायला बस पकडून त्याच रस्त्यानं परत गेलो. हातकणंगल्याअलीकडे एका चहाच्या टपरीला टेकवून ठेवलेला तो लांब तुकडा दिसला. माझ्या हातच्या पांढऱ्या खुणा होत्या. टपरीवाला म्हणाला, “परवा सकाळी एका जीपचा पडला. हाका मारल्या, पर थांबलीच न्हाय.”

तिथून दवाखाना वीस किलोमीटरच्या वर. मधे चढ आहेत.

दाजींना मी नंतर दोनदा विचारलं. पहिल्यांदा ते उठून गेले. दुसऱ्यांदा म्हणाले, “तुझी अक्का वाचली न्हवं? मग इचारू नकोस.” दोन हजार चार साली ते वारले. अक्काला त्यातलं काहीच आठवत नाही.

उतार, वारा, क्लचची चूक... सगळं कागदावर मांडून पाहिलं, सहकाऱ्यांनाही विचारलं. जमत नाही. दरवर्षी मी पोरांना शिकवतो की शाफ्टशिवाय गाडी एक फूटही पुढं जात नाही. ते खरं आहे. आणि माझी बहीण त्या दिवशी दवाखान्यात पोचली, तेही खरं आहे.