चार दाती फोन

भूतलावर कोणालाही फोन लागू शकतो, माझ्या थोरल्या साडूंना, म्हणजे भाऊंना, लागत नाही. बडनेऱ्याजवळ त्यांचा झेंडूचा आणि भाजीचा मळा आहे. बैलजोडी विकून ट्रॅक्टर आला त्याला बरीच वर्षं झाली, पण बैलाचे सगळे नियम भाऊंनी फोनला लावून ठेवलेत. फोन कधी बदलायचा? दुकानदार सांगतो दोन वर्षांनी, जाहिराती सांगतात दरवर्षी, आणि भाऊ म्हणतात, "बैल थकला म्हनून कोनी खुट्यावरून सोडत नाई बापा. हलक्या कामाले लावा लागते." तर त्यांचा फोन हलक्या कामावर आहे. त्यावर व्हिडिओ पाहायचा नाही, फोटो काढायचा नाही, आणि उन्हाळ्यात बारा ते चार तो बंद. "उनात जू सोडाच लागते. तापते ना तो." आपल्याकडच्या मे महिन्यात माणूसही तापतो, पण त्याला कोणी बंद करून माठाशेजारी ओल्या फडक्यावर ठेवत नाही. भाऊंचा फोन तिथे असतो.

हे मी हसून सोडून दिलं असतं. पण त्यांची लेक प्रीती अकोल्याला, माझ्याच गल्लीत दिलेली, आणि तिला मे महिन्यातली तारीख होती. पहिलं बाळंतपण माहेरी झालं, हे दुसरं सासरी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्तदाब वाढतोय, कधी धावपळ होईल सांगता येत नाही. प्रीतीची आई लेकीजवळ येऊन राहिली. प्रीतीचं एकच म्हणणं, "मावसाजी, त्या वेळेले बाबा फोनवर तरी पायजेत." नवा फोन घ्यायला लावण्याची कामगिरी अर्थातच माझ्या गळ्यात पडली.

अमरावतीच्या दुकानात मी त्यांना जवळजवळ ओढत नेलं. दुकानदाराने फोन पुढे ठेवला. भाऊंनी तो उलटा केला, पाठीवरून हात फिरवला आणि बैलाचं वय दातांवरून विचारतात तसं विचारलं, "किती दाती?"

मी घाईघाईने म्हणालो, "रॅम विचारून राहिले ते."

"आठ जीबी, काका."

"आठ म्हंजे जुळला," भाऊ मला समजावू लागले. "पुरा वयात आलेला. आता उतरनीलेच लागन. चार दाती दाखवा."

"चार जीबीचा हळू चालन, काका."

"मले काय शर्यतीले लावाचा हाये?"

काही न घेता आम्ही बाहेर आलो. पोळ्याले पाहू, असं जाहीर झालं. पोळा म्हणजे श्रावण संपताना. तोवर बाळ थांबणार होतं का, हे मी रसवंतीत जरा चढ्या आवाजात विचारलं. भाऊ रसाचा ग्लास माझ्याकडे सरकवत म्हणाले, "तू बी लय तापतं बापा."

प्रीतीला दवाखान्यात नेलं ते नेमकं भर दुपारी. मी फोन लावला, बंद. पुन्हा लावला, बंद. माझ्या तोंडून निघालेले शब्द इथे लिहिण्यासारखे नाहीत. तणतणत पाण्याची बाटली आणायला खाली उतरलो, तर आवारातल्या कडुनिंबाखाली डोक्याला दुपट्टा गुंडाळून भाऊ बसलेले. नंतर कळलं, आठवडाभर ते रोज सकाळच्या गाडीने येत होते आणि संध्याकाळच्या गाडीने परत जात होते. घरी आले नाहीत, कोणाला कळवलं नाही.

"इथं काहून बसले?" मी विचारलं.

"इथंच तं आनतीन तिले. घरी आलो असतो तं घाबरली असती पोरगी." मग हळूच म्हणाले, "वरतं बरं हाये ना?"

मी त्यांना हात धरून वर नेलं. प्रीतीने त्यांना पाहिलं आणि ती रडायलाच लागली. तासाभराने नात झाली, दोघीही सुखरूप.

पोळ्याला भाऊंनी खरोखरच नवा फोन घेतला. आता तो भर दुपारीही लागतो. रोज संध्याकाळी ते नातीला व्हिडिओवर पाहतात, स्क्रीनच्या इतके जवळ येतात की आम्हाला नुसतं कपाळ दिसतं. मला हवं होतं ते सगळं झालं.

परवा प्रीती म्हणाली, "मावसाजी, पोळ्यापासून बाबा अकोल्याले आलेच नाईत."

मी म्हटलं, "फोन करून विचार ना त्यायले."

पोरीला थोपटत ती म्हणाली, "फोनवर तं रोजच असतेत."