तीन रस्त्यांवरचं स्वागत

उज्जैनला यायचे रस्ते पुष्कळ आहेत, आणि त्यांतल्या प्रत्येकावर आमच्या घरातलं कुणी ना कुणी चुकीच्या वेळी उभं राहिलेलं आहे.

त्यातला सर्वांत मोठा प्रसंग माझ्या लग्नाच्या वेळचा. संस्थानं विलीन होऊन नुकताच मध्य भारत झाला होता. बाबांच्या कचेरीवरची पाटी बदलली होती, बाबा बदलले नव्हते. आजोबा दरबारच्या चाकरीत होते. तेव्हापासून घरात एक नियम होता. मानाचा पाहुणा आपला आपण दारात येता कामा नये! त्याला वेशीवरच गाठायचं, पायांवर पाणी घालायचं, अत्तर लावायचं, गुलाबपाणी शिंपडायचं आणि मिरवत घरी आणायचं.

इंदूरचे आपटे मुलगी घेऊन उज्जैनात माधव नगरला आमच्याकडे येणार होते. (मुलगी दाखवायला त्यांनीच यायचं, हाही बाबांचाच हट्ट.) याआधी दोन स्थळं माझ्यामुळे हुकली होती. 'मुलीला काही विचार' म्हटलं की माझी वाचाच बसायची.

"हे तिसरं," आई म्हणाली. "हेही गेलं, तर याचं लग्न पुस्तकांच्या कपाटाशी लावा!"

आपट्यांनी 'रविवारी सकाळी येतो' असा निरोप धाडला होता. कशानं येतो, ते सांगितलं नव्हतं. बाबा पहाटेपासून येरझारा घालत होते.

"रेलनंच येणार!" काका म्हणाले. "वाटेत फतेहाबाद लागतं. तिथले गुलाबजाम सोडून येईल तो इंदूरचा कसला?"

"रेल रोज लेट," बाबा म्हणाले. "आपटे वक्तशीर माणूस. मोटर-अड्ड्यावर उतरणार."

"त्यांच्या साडूकडे कार आहे म्हणे," आई हळूच म्हणाली, आणि तिसरा रस्ता निघाला.

शेवटी फौज वाटली गेली. काका अत्तरदाणी घेऊन स्टेशनवर. आईबाबा तांग्यानं इंदूर नाक्यावर, कारची वाट बघायला. उरला मोटर-अड्डा, आणि उरलो मी.

"अहो, नवऱ्या मुलानंच स्वागताला जायचं?" आईनं विचारलं.

"चेहरा दाखवायचाच आहे ना? दाखवेल तिथं!"

काकांनी घराला कुलूप लावलं, किल्ली जानव्याला बांधली आणि निघाले.

अड्ड्यावर मी एका हातात पाण्याचा तांब्या आणि दुसऱ्या हातात चांदीची गुलाबदाणी घेऊन उभा. लोक माझ्याकडे बघत होते, मी जमिनीकडे. मोटर आली. काळी टोपी घातलेले एक भारदस्त गृहस्थ उतरले, मागे एक मुलगी. मी डोळे मिटून त्यांच्या पायांवर तांब्या रिकामा केला.

"अरे, अरे! ये क्या कर रहे हो, भैया? जूते नए हैं!"

"जी... स्वागत..."

"स्वागत है कि दुश्मनी?"

घाबरून मी गुलाबदाणी हलवली, तर तिचं झाकणच निघालं आणि सगळं गुलाबपाणी माझ्या सदऱ्यावर! भोवती गर्दी जमली.

"किसकी शादी है?" कुणीतरी विचारलं.

"मेरी," मी खरं ते सांगितलं.

"और दूल्हा खुद पानी भर रहा है!"

पुढच्या मोटरीतूनही आपटे उतरले नाहीत. रिकामा तांब्या घेऊन मी घरी आलो. दाराला कुलूप. आणि ओट्यावर एक अनोळखी मुलगी, ओले केस मोकळे सोडून, निवांत बसलेली! ओट्याच्या कठड्यावर, आईनं बांधलेल्या झेंडूच्या माळेवरच, तिनं ओलं लुगडं वाळत घातलेलं. हे बघून मला कधी नव्हे ती वाचा फुटली.

"बाई, हे वाळवण आधी काढा इथून! आमच्याकडे मोठे पाहुणे येणार आहेत."

"कोण पाहुणे?"

"मुलगी दाखवायला येणार आहेत."

तिनं माझ्या हातातला तांब्या पाहिला, गुलाबदाणी पाहिली, सदरा पाहिला. "अस्सं," ती म्हणाली. "मुलगा कसा आहे हो?"

"विशेष काही नाही. वाचत असतो."

"बोलतो का?"

"फारसा नाही."

तिनं शांतपणे लुगडं काढलं आणि घडी करू लागली. तेवढ्यात कोपऱ्यावरून आमच्या तांग्यातून आईबाबा आले, आणि त्यांच्यासोबत एक तापलेले गृहस्थ. तेच आपटे. आम्हाला शोधायला बाहेर पडले होते!

"पहाटेच्या पहिल्या गाडीनं आलो," ते म्हणत होते. "क्षिप्रेवर स्नान केलं, महाकालाचं दर्शन घेतलं आणि इथं कुलूप!"

बाबांनी कपाळाला हात लावला. उज्जैनला येणारा माणूस आधी नदीवर जातो, हे साऱ्या मुलखाला ठाऊक होतं. गावात जन्म काढलेल्या आम्हालाच तेवढं सुचलं नव्हतं. आम्ही वेशी राखत बसलो, आणि पाहुणे गावाच्या आतूनच आले!

किल्ली काकांच्या जानव्याला, आणि काका पुढच्या गाडीसाठी स्टेशनवरच. (आपटे अजून गुलाबजाम खात असतील, असा त्यांचा हिशेब.) त्यामुळे मुलगी पाहण्याचा कार्यक्रम ओट्यावरच झाला. अर्धी गल्ली हजर होती.

"विचार रे काहीतरी," आई मला ढोसत म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता. माझी वाचा पुन्हा बसली. आपटे उठायच्या बेतात.

तेव्हा ती म्हणाली, "बाबा, थांबा. त्यांना राहू द्या. मला विचारायचं होतं ते मी मघाशीच विचारलं. खोटं नाही बोलले."

तर अशी कुसुम आमच्या घरात आली. पुढे जन्मभर ती माहेराहून यायची तेव्हा मी तिला घ्यायला जायचो, आणि ती भलतीकडूनच येऊन ओट्यावर बसलेली असायची. "तुम्ही घरीच थांबत जा हो," म्हणायची. "मी येते ना."

या चैत्रात ती गेली. तेव्हापासून घरात माझा पाय ठरत नाही. स्टेशनपर्यंत जातो, स्टँडवर जातो, परत येतो. काका तिकडे कधीच पोचलेत. तिला घ्यायला ते नक्की चुकीच्या फलाटावर गेले असणार, किल्लीसकट. म्हणजे ती तिथंही दाराबाहेरच बसलेली असेल, केस वाळवत.

एक दिवस मीही पोचेन. इतक्या वर्षांच्या संसारानंतर तरी ओळखेन, असं वाटतं. पण माझा मला भरवसा आहे. समोर जाऊन पहिलं वाक्य हेच म्हणेन, "बाई, हे वाळवण आधी काढा इथून!"