सोलापूर बाजारच्या मावशी

मावशींचं कौतुक करायची सोय नव्हती. "मावशी, आज छान दिसताय," म्हटलं की हातातली कात्री थांबवून त्या विचारायच्या, "काय हवंय?" काही नको म्हटलं तर संशय आणखी वाढायचा.

पुण्याच्या लष्कर भागात त्यांचं छोटं ब्यूटी पार्लर होतं, पाटीवर वडिलांचं चिनी नाव. आईवडील चीनहून आलेले, मावशींचा जन्म मात्र इथलाच. एखाद्या नवीन बाईने "तुम्ही चीनच्या का हो?" असं विचारलं, की त्या म्हणायच्या, "नाही, सोलापूर बाजारच्या. पलीकडच्या गल्लीतच आहे."

मी खडकीहून संध्याकाळी त्यांच्याकडे कामाला जायचे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. कुठेही गेले तरी चुकून आत आल्यासारखं वाटायचं. मावशींना त्यातही काहीतरी संशयास्पद दिसलं. "सारखी दाराकडे काय बघतेस? कोण येणार आहे?" त्या कुणाकडे सरळ बघत नसत. गिऱ्हाइकाचे केस कापता कापता आरशातून सगळ्यांवर नजर ठेवायच्या.

त्या वर्षी एक नटी परदेशातल्या कुठल्याशा महोत्सवात रेड कार्पेटवर चिनी पद्धतीचा ड्रेस घालून गेली. उभी कॉलर, गळ्यापासून काखेपर्यंत तिरकी गुंड्यांची ओळ, लाल रेशमावर सोनेरी पक्षी. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकीच्या मोबाइलमध्ये तो फोटो होता. सदाशिव पेठेतून येणाऱ्या एक काकू फारच हरखल्या होत्या. "अहो मावशी, तुमच्याकडे असेल ना असला? घाला की एकदा, फोटो काढू."

"तिने घातला तर फॅशन," मावशी आरशात बघत म्हणाल्या. "मी घातला तर पासपोर्ट दाखवा."

काकू खूप हसल्या. मीही हसले. त्या गेल्यावर मी चाचरत विचारलं, "मावशी, खरंच आहे का हो? आमच्या गॅदरिंगला हवा होता."

त्यांनी दाराला कडी घातली. आतल्या खोलीतून एक उशी आणून माझ्या मांडीवर ठेवली. अभ्रा साध्या पांढऱ्या कापडाचा होता. त्यांनी त्याचं तोंड उलटं करून दाखवलं, तर आत हिरवं रेशीम आणि त्यावर भरलेली पांढरी फुलं.

"आईचा ड्रेस. चीनशी लढाई झाली तेव्हा पोलीस घरी येऊन कागद बघून जायचे. आईने तो फाडून अभ्रे शिवले. फुलं आत, अस्तर बाहेर. आणि साडी नेसायला लागली. ती कधी नीट जमली नाही तिला."

मी अभ्रा सारखा करून उशी त्यांच्याकडे सरकवली. "मग नको मला," एवढंच म्हणाले.

"का? भ्यालीस?"

"नाही... म्हणजे, थोडी."

त्यांनी पहिल्यांदाच वळून सरळ माझ्याकडे बघितलं. त्यानंतर पार्लरची किल्ली माझ्याकडे असायची.

पुढे सीमेवर पुन्हा झटापट झाली. फोटो दाखवणाऱ्या मोबाइलवर आता चिनी मालावर बहिष्काराचे निरोप फिरू लागले. त्याच काकू एकदा हळू आवाजात म्हणाल्या, "मावशी, पाटीवरचं वडिलांचं नाव काढा बाई. तुमच्याच भल्यासाठी सांगते." त्या मनापासून सांगत होत्या, मला अजूनही तसंच वाटतं. मावशी मात्र त्या दिवशी काहीच खोचक बोलल्या नाहीत. मला त्याचीच भीती वाटली.

त्यांनी पाटी बदलली नाही. पार्लरच विकलं आणि परदेशात राहणाऱ्या मुलाकडे जायचं ठरवलं. निघायच्या दिवशी सामान बांधताना मी म्हणाले, "मावशी, तिकडचे लोकही संशय घेतील हो. मग काय कराल?"

"घेतीलच की," मावशी बॅगेचा पट्टा ओढत म्हणाल्या. "पण ते परके असतील."