आष्ट्यातला गुळाचा चहा

काल सुनेनं हौसेनं गुळाचा चहा केला आणि त्या वासासरशी मला तो अमेरिकन आठवला.

दुसरं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. मॉर्मन नावाच्या ख्रिस्ती पंथाचा हा वीस-एकवीस वर्षांचा प्रचारक आठवडाभर आष्ट्यात आला होता. मी शाळामास्तर, इंग्रजी जाणणारा, म्हणून दुभाष्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. उन्हानं सालटं निघालेलं नाक, घामानं चिंब टाय, आणि सकाळपासून दिवेलागणीपर्यंत दारोदार तेच बावळट हसू. ऐन मळणीत शेतकऱ्याला थांबवून हा स्वर्गाबद्दल विचारायचा. त्यात त्याच्या धर्मात चहा वर्ज्य! प्रत्येक घरी यानं कपबशी परत सारायची आणि लोकांचे रुसवे मी काढायचे. इतका मठ्ठ माणूस मी पाहिला नव्हता.

शनिवारी तो हट्टानं गावकुसाबाहेरच्या वस्तीत गेला. तिथं भागूबाईनं आम्हा दोघांपुढं गुळाचा चहा ठेवला. त्यानं नेहमीसारखी मान हलवली, पण पाणी मागितलं आणि तिच्या तांब्यातून घटाघटा पिऊन टाकलं.

भागूबाई माझ्याकडं वळली. "त्येंला च्या चालत न्हाई, तरी पानी प्याले बगा. आवं गुरुजी, तुमाला तर च्या चालतुया न्हवं?"

"आत्ताच घेऊन आलोय," मी म्हणालो.

सकाळपासून माझ्या पोटात चहाचा थेंब नव्हता. त्या मास्तराची आज मला शिसारी येते.

"काय म्हणाली ती?" गोऱ्यानं विचारलं.

आठवड्यात पहिल्यांदाच मी भाषांतर केलं नाही.