खाली न टेकलेला ठोकळा

आधीच सांगतो, भुताखेतांवर विश्वास ठेवायची सोयच माझ्या अंगात नाही. गाड्यांच्या अपघातांचे विम्याचे दावे तपासणं हा माझा धंदा. चिखली, मेहकर, देऊळगाव राजा... कुठे ट्रॅक्टर उलटला की मी जाऊन बघतो, तो खरंच उलटला की उलटवला. समोरचा रडतोय म्हणजे खरं बोलतोय, असं मी कधीच धरत नाही. बायको म्हणते, तुम्ही आरतीत टाळ्या कोण वाजवत नाही तेवढंच बघत असाल. खोटं नाही त्यात काही.

तर हे घडलं उंद्रीला, माझ्या मोठ्या बाबांच्या, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाच्या घरी. एकाहत्तरच्या लढाईत मोठे बाबा हवाई दलाच्या एका स्क्वाड्रनमध्ये होते. विमान उडवायला नव्हे — ते जमिनीवरचे. विमान उडायच्या आधी चाकाखालचे लाकडी ठोकळे काढायचे, परत आलं की पुन्हा लावायचे, मधल्या वेळात तपासणी आणि दुरुस्ती. त्यांचं विमान ठरलेलं आणि पायलटही ठरलेला. त्या पायलटला ते नुसतं 'साहेब' म्हणत. त्यांच्या टोळीची एक रीत होती — आपण काढलेला ठोकळा विमान परत येईपर्यंत जमिनीला टेकवायचा नाही. हातात धरा, खांद्याला अडकवा, पण खाली नाही.

एके दिवशी साहेब गेले ते आलेच नाहीत. ना विमान सापडलं, ना देह. कागदोपत्री 'बेपत्ता'.

नोकरी संपवून मोठे बाबा गावी आले ते वरिष्ठांना विचारून त्या दिवशीचा ठोकळा घेऊनच. ओसरीतल्या खुंटीला तो दोरीने टांगला. घराचे पत्रे जाऊन स्लॅब आला, पण ठोकळा काही खाली आला नाही. रंगकाम निघालं की मोठी आई तो मांडीवर घेऊन बसायची. "सवत हाये मायी, इले खाली कशी ठेवू?" असं म्हणून हसायची. आम्ही पोरं तर मोठ्या बाबांना यावरून फार छळायचो.

गेल्या चैत्रात मोठ्या बाबांना एका बाईंचा फोन आला. साहेबांची धाकटी बहीण, मालतीताई. आता वय ऐंशीच्या घरात, राहायला अमरावतीला. त्या स्क्वाड्रनमधल्या लोकांची मुलंबाळं जुने फोटो, आठवणी गोळा करतात, त्यांच्याकडून नंबर मिळाला म्हणे. भेटायचंय म्हणाल्या. मला लगेच वास आला... पन्नास वर्षांनी कुणाला आठवण येते? मोठ्या बाबांच्या नावावर रस्त्यालगतचं वावर आहे, जमीन मोक्याची. म्हणून त्या दिवशी मी मुद्दाम सगळी कामं टाकून उंद्रीला जाऊन बसलो.

बाई दुपारी आल्या. सोबत मुलगा. गल्ली अरुंद, म्हणून गाडी पार मारुतीच्या देवळापाशी लावून चालत आले. ओसरीत टेकल्या आणि पाणीही न पिता म्हणाल्या, "भाऊ, मी एकच विचारायला आलेय. वसंताला, तुमच्या साहेबांना, शेवटचं तुम्ही पाहिलंत. हा मुलगा म्हणतो, मामाचं श्राद्ध करून टाकू, तुझ्यानंतर करणारं कोणी नाही. आईने करू दिलं नाही, मीही नाही. तुम्ही सांगा, करू का?"

वावराचा विषयच नव्हता. मी जरा खजील झालो, पण लक्ष ठेवून होतो.

मोठ्या बाबांनी खुंटीकडे बोट केलं. मग बाईंनी ठोकळ्याबद्दल विचारलं, आणि मी उत्साहाने उठून तो खुंटीवरून काढला. चांगलाच जड निघाला. उजेडात नीट दिसावा म्हणून अंगणात नेला आणि... ठेवला खाली.

"खाली काऊन ठेवला बे!" मोठे बाबा असे ओरडले की शेजारची बाई भिंतीवरून डोकावली. "साहेब आले नाईत अजून!"

मालतीताईंनी तोंडाला पदर लावला. आई गेल्यापासून हे वाक्य त्यांनी दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. मी ठोकळा उचलायला वाकलो तर मोठे बाबा म्हणाले, "राहू दे आता. लावला तं लावला. त्याले हात नको लावू."

मोठ्या आईने चहाला आत बोलावलं. बाई, त्यांचा मुलगा आणि मी आत गेलो. मोठे बाबा ओसरीवरच बाजेवर बसून राहिले. त्यांचा गुडघा इतका दुखतो की काठीशिवाय त्यांना उठवत नाही.

कप अजून हातात होता. मालतीताई दाराशी बसल्या होत्या, त्या एकदम उठल्या. मीही पाहिलं. मोठे बाबा अंगणात उभे... काठी बाजेलाच टेकलेली. दोन्ही हात डोक्यावर ताठ, मुठी एकमेकींना टेकवलेल्या. ठोकळे लागले, आता इंजिन बंद करा — ही त्यांची पायलटला करायची खूण. लहानपणी आम्हाला शिकवलेली.

आवाज? काहीच नाही. धूळही नाही. जळक्या रबराचा वास मात्र होता, आणि तो माझ्या चांगल्या ओळखीचा आहे.

"आला?" मालतीताईंनी विचारलं.

"हाव, ताई. आले," मोठे बाबा म्हणाले. "थकले नोयते. हासत होते. आता तुमी करून घ्या त्याईचं."

बाई तिथेच उंबऱ्यावर बसून रडल्या. मुलगा त्यांना सावरत होता. आणि मी? मी अंगणात उकिडवा बसून तपासणी करत होतो. सवय... दुसरं काय.

ठोकळा जमिनीत दोन बोटं रुतला होता. चैत्रातली जमीन, दगडासारखी टणक. त्याच्या उतरत्या बाजूवर रबराचा ताजा काळा पट्टा, त्यात सरळ उभ्या रेघा. मोटारसायकलची नक्षी तशी नसते, ट्रॅक्टरची तर नाहीच. लाकूड गरम लागलं, पण उन्हात काय गरम लागत नाही? अंगण सकाळीच सारवलेलं. त्यावर आमची पावलं होती, चाकाचा माग मात्र कुठेच नव्हता. फाटकातून सायकल आणायची तरी तिरकी करावी लागते. बाईंचा मुलगा तेव्हा माझ्या शेजारीच चहा पीत होता. मोठ्या बाबांच्या रबरी चपला मी ठोकळ्याच्या मागच्या बाजूवर घासून पाहिल्या. रेघ उमटली नाही.

पाहुणे गेल्यावर मी मोठ्या बाबांना सरळच विचारलं, "तुमीच केलं ना काहीतरी? त्या बाईचा जीव मोकळा व्हावा म्हणून?"

ते चिडले नाहीत. म्हणाले, "खोटं बोलाचं असतं तं तवाच बोल्लो असतो बे. त्याईची माय आली होती छावनीत. माये हात धरून इचारे, पोरगा येईन का म्हणून. तिले नाई बोलता आलं मले खोटं. अन् आता बोलू?"

खरं सांगतो, त्या रात्री मला मोठ्या बाबांच्या खात्रीचा हेवा वाटला.

काही दिवसांनी मालतीताईंच्या मुलाचा फोन आला. श्राद्ध झालं होतं. मग म्हणाला, "दादा, आई रात्री पुढच्या दाराला कधी कडी लावू द्यायची नाही. चोरी झाली तरी नाही. मामा रात्री-बेरात्री आला तर बाहेर उभा राहील म्हणायची. काल तिने स्वतः उठून कडी लावली आणि सकाळी उशिरापर्यंत झोपली. खरं सांगा, तिथे काय झालं? तुम्ही काही केलंत का?"

माझ्यासारखाच संशयी निघाला.

"मी नाही केलं," म्हटलं. "कोणी केलं, तेही मला सांगता येत नाही."

"पण तुम्ही तर तपासणीवाले ना?"

"हो," म्हटलं.