लाल बाणाचं टोक

माझा धाकटा भाऊ वेबसाइट बनवतो. नोकरीत साहेबाशी बिनसलं, तेव्हापासून माझ्या मागच्या खोलीतच त्याचं ऑफिस. तोंडाने बोलायचा त्याला भारी कंटाळा. पानाचा स्क्रीनशॉट घ्यायचा, त्यावर लाल बाण काढायचा, शेजारी चार शब्द लिहायचे आणि गिऱ्हाइकाला पाठवून द्यायचं, ही त्याची रीत. घरातही तेच. नळ गळतोय म्हणून मला हाक मारणार नाही. नळाचा फोटो, त्यावर बाण आणि खाली ‘हे बघ’. अरे बाबा, मी पलीकडच्याच खोलीत आहे ना?

त्याचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे एक सोफेवाले. हे काम हातचं गेलं, तर स्वारीला त्याच जुन्या साहेबापुढे मान खाली घालून उभं राहावं लागणार, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. सोफेवाल्यांचा हट्ट असा, की पहिल्याच पानावर आपला फोटो हवा. मिशीही सोफ्यासारखीच ऐसपैस. भावाने बाण काढला आणि लिहिलं, ‘एवढं काढलं की पान मोकळं दिसेल.’ त्याला म्हणायचा होता अख्खा फोटो. पाठवून झाल्यावर मी डोकावले, तर बाणाचं टोक नेमकं मिशीवर.

भाऊ पांढराफटक पडला. फोन करून माफी माग म्हटलं, तर हा दुसरा बाण काढायला लागला. मी माउसच काढून घेतला. रात्री जेवायचं ताट बाजूला सारून तो तिकडून उत्तर आलंय का, तेच बघत बसला. मला त्याची कीव येत होती, पण तोंडाने मी त्याचा उद्धारच करत होते.

दुसऱ्या दिवशी सोफेवाल्यांचा व्हिडिओ कॉल आला. मिशी सफाचट.

“बायको लग्नापासून कानीकपाळी ओरडतेय,” ते गालांवरून हात फिरवत म्हणाले. “तुम्ही बाण दाखवलात, तेव्हा कुठे पटलं. आता नवा फोटो पाठवतो, तो दुप्पट मोठा लावा. आणि यापुढची सगळी कामं तुमच्याकडेच.”

फोटो दुप्पट म्हटल्यावर भावाने तोंड उघडलं. मी डोळे वटारले, तसा तो निमूटपणे हो म्हणाला.

संध्याकाळी नवं पान गेलं. उत्तर आलं ते सोफेवाल्यांच्या बायकोकडून. आमच्याच पानाचा स्क्रीनशॉट, त्यावर जाडजूड लाल बाण, आणि टोक नवऱ्याच्या पोटावर. शेजारी लिहिलं होतं, ‘भाऊ, ते तुमचंच ऐकतात. आता एवढंही काढायला सांगा.’