वसुधाची संमती

माझ्या पत्नीच्या मेंदूत परक्या पेशी रुजवाव्यात, असा अर्ज मी तिला न विचारता केला होता.

वसुधाला जाऊन आज एक वर्ष झाले. म्हणून हे लिहीत आहे.

मेंदूज्वरातून ती वाचली; पण नवे काही तिच्या लक्षात राहीनासे झाले. सकाळचा चहा दुपारी आठवत नसे. जुने मात्र शाबूत होते. नोएडाच्या फ्लॅटमध्ये ती रोज दिल्लीतल्या सरोजिनी नगरच्या जुन्या सरकारी क्वार्टरची किल्ली शोधत असे.

इजा झालेल्या भागात नव्या चेतापेशींचे रोपण करून स्मरणशक्ती परत आणण्याचे संशोधन चालू आहे, असे माझ्या वाचनात आले. मी जन्मभर केंद्र सरकारची नोकरी केलेला माणूस. रीतसर अर्ज लिहिला, सोबत सर्व रिपोर्ट जोडले.

त्या संशोधनातल्या डॉक्टर मॅडमनी तो शांतपणे वाचला. हे अजून प्राण्यांवरच चालले आहे, म्हणाल्या. माणसांवर चाचणी सुरू झाली, तर नाव पुढे पाठवू.

मग विचारले, "आपने उनसे पूछा?"

"मॅडम, शाम तक उन्हें याद नहीं रहेगा."

"तो रोज़ पूछिए."

मी रोज विचारू लागलो. चहाच्या वेळी, दर वेळी पहिल्यापासून समजावून. तिचे उत्तर रोज वेगळे असे.

"दुखेल का हो?"

"तुम्ही म्हणाल तसं."

एकदा तर, "अच्छा? आधी तुमच्या डोक्यात घालून बघा!"

आणि एका सकाळी तिने कप खाली ठेवला.

"अहो, नव्या पेशींना तुम्ही आवडला नाहीत तर?"

"हा काय प्रश्न झाला?"

"जुन्या डोक्याला आवडता तुम्ही. नव्याचा काय भरवसा? नकोच ते."

त्याच दिवशी मी अर्ज मागे घेतला.

दुसऱ्या दिवशी ती कदाचित हो म्हणाली असती. मी विचारलेच नाही. तो नकार मला हवाहवासा वाटला होता, हे आज कबूल करतो.

ती चाचणी अद्याप सुरू झालेली नाही. तरीही विचारायला हवे होते.

एकेचाळीस वर्षांच्या संसारात, मी तिला आवडतो, हे तिने तेवढे एकदाच बोलून दाखवले.

दुपारपर्यंत ती ते विसरून गेली.

मी विसरलेलो नाही.

वसुधा, तूही मला फार आवडायचीस.

हे तुला रोज सांगायला हवे होते.

माझा नमस्कार घे.